लाल शाईतली कात्री

माझा चष्मा अजून आहे, हे आधीच सांगून टाकते. उजव्या डोळ्याला उणे साडेपाच, डाव्याला उणे सहा. लेझरने चष्मा घालवू पाहणाऱ्यांचे डोळे तपासण्याचे काम मी बीडमध्ये गेली काही वर्षे करते आहे. या काळात असा आठवडा आठवत नाही की, समोर बसलेल्या कुणीतरी माझ्या काचांकडे बोट दाखवून विचारले नाही, "तुमीच चष्मा लावता की मॅडम, मंग आमाला कावून सांगता?" या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही पत्रात हाच प्रश्न अधिक सभ्य शब्दांत विचारला आहे. उत्तर देते. पण त्यासाठी मला दोन माणसांविषयी सांगावे लागेल. एकाच्या बाबतीत मी गप्प बसले. दुसरीच्या बाबतीत बसले नाही.

प्रथम माझी जागा स्पष्ट करते, कारण तिच्याविषयी बराच गोंधळ असतो. मी डॉक्टर नाही. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर मी डोळ्यांच्या नंबराचे शास्त्र शिकले. दवाखाना सरांचा. सर म्हणजे आमचे नेत्रशल्यविशारद. मोतीबिंदूवर त्यांचा हात असा की, माणसे धारूरच्या डोंगरातून त्यांच्याकडे येतात. नंबर काढणे, बुबुळाची वक्रता मोजणे, कुणाचा डोळा कशास योग्य आहे याची पहिली छाननी करणे हे माझे काम. ते मी अर्धा तास मन लावून करते, आणि उठताना रुग्ण विचारतो, "बरं, डॉक्टर कवा येनार हायती?"

मी रुजू झाले तो काळ 'कॉम्प्युटराइज्ड'चा होता. एस.टी. स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर कॉम्प्युटरवर पत्रिका निघत होती, कॉम्प्युटरवर वजन होत होते, एका शिंप्याने तर कॉम्प्युटर कटिंगची पाटी लावली होती. आमच्याकडेही नंबर काढणारे परदेशी यंत्र आले. हनुवटी टेकवायची, आतले चित्र पाहायचे, की टर्रकन चिठ्ठी बाहेर येते. ती चिठ्ठी लोक घडी घालून खिशात जपून ठेवत. त्यानंतर मी हातात रेटिनोस्कोप घेऊन खोलीत अंधार केला की ते नाराज होत. "कॉम्प्युटरनं झालं की. आता हे बॅटरीनं काय बघायलात?"

त्या बॅटरीविषयी सांगायलाच हवे. रेटिनोस्कोप हातात मावतो. त्याने डोळ्यात प्रकाशाची एक उभी पट्टी सोडायची, ती डावी-उजवी हलवायची आणि बाहुलीतली लालसर चमक कुठल्या दिशेला सरकते ते पाहायचे. मग मध्ये एकेक भिंग धरत जायचे. चमक सरकायची थांबली की नंबर सापडला. रुग्णाला काही विचारावे लागत नाही, म्हणून तान्ह्या मुलाचा आणि खोटे बोलणाऱ्या मोठ्या माणसाचा नंबर याच उपकरणाने काढता येतो. क्वचित एखाद्या डोळ्यात ही चमक एकसंध सरकत नाही. तिचे दोन तुकडे होतात आणि ते कात्रीच्या पात्यांसारखे उघडझाप करतात. बुबुळावरची पारदर्शक काच मध्ये दुबळी होऊन शंकूसारखी पुढे येऊ पाहत असेल, तर हे दिसण्याची शक्यता असते. आमच्या भाषेत याला नुसते कात्री म्हणतात.

मी कात्री शिकले ती अशी. कॉलेजातल्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला आमच्या जोड्या पाडल्या होत्या. माझी जोडीदारीण दहा मिनिटे माझ्या डोळ्याशी झुंजली आणि ओरडली, "मॅडम, हिची चमक थांबतच नाही!" शिक्षिका आल्या, वाकल्या, आणि त्यांनी सगळा वर्ग माझ्यासमोर रांगेत उभा केला. "बघून घ्या. पुस्तकात चित्र आहे, इथे खरी आहे." सगळ्यांनी ती पाहिली. मी मात्र आजवर पाहिलेली नाही, कारण स्वतःच्या डोळ्यातली कात्री स्वतःला दिसत नाही. माझी काच शंकू झालेली नाही, कदाचित होणारही नाही. पण अशा काचेवर लेझर चालवणे म्हणजे आधीच कच्ची असलेली भिंत आणखी कोरणे. म्हणून माझा चष्मा आहे. संपादकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे संपते. माझे म्हणणे इथून सुरू होते.

बुबुळावरची काच मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. उणे नंबराच्या डोळ्यात ती थोडी सपाट केली की नंबर जातो. प्रश्न फक्त कशी करायची एवढाच. सर्वांत जुनी पद्धत लेझरची नव्हेच. हिऱ्याच्या पात्याने काचेवर चाकाच्या आऱ्यांसारखे चरे पाडत. ज्यांच्यावर ती झाली आहे त्यांनाही आपले 'लेझर' झाले असेच वाटते. त्यानंतर आली पीआरके. तिच्यात काचेवरची नाजूक कातडी खरवडून काढतात आणि उघड्या पृष्ठभागावर लेझर सोडतात. तो जाळत नाही. न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचा तो थंड झोत, प्रत्येक ठोक्याला अतिसूक्ष्म थर उडवतो. कातडी तीन-चार दिवसांत परत येते. ते दिवस डोळ्यात तिखट गेल्यासारखे जातात, आणि पुढे महिनोन्महिने औषधाचे थेंब, काळा चष्मा आणि सावकाश उजळणारी दृष्टी. मग आली लॅसिक. मोटरवर चालणाऱ्या पात्याने काचेचा पापुद्रा कापायचा, एक कड बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची, पापुद्रा उलटायचा, खाली लेझर चालवायचा आणि पापुद्रा परत मिटवायचा. दुखणे जवळजवळ नाही. दुसऱ्या दिवशी माणूस भिंतीवरचे घड्याळ वाचतो. लॅसिक उत्तम शस्त्रक्रिया आहे, हे मी कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते. पण तो पापुद्रा पूर्वीइतका घट्ट पुन्हा कधी बसत नाही, आणि डोळ्याला आधार देण्यासाठी उरलेली काच तो वजा करून मोजावी लागते.

एवढे गणित समजावण्यात माझा दिवस जातो, आणि ते सगळ्यांना पटतेच असे नाही. पेठेतले एक कापड दुकानदार, वय पंचेचाळिशीपार, उणे दोनचा नंबर, 'लेझर करायचंच' म्हणून आले. मी सांगितले, "तुम्ही चष्मा काढून हिशेबाची वही वाचता ना? लेझर केलं की लांबचं दिसेल, पण वही वाचायला चष्मा लागेल."

"म्हंजे हाय तो काढायचा आन् दुसरा घालायचा?"

"हो. तुमच्या वयाला तसंच."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "ताई, तीस वर्सं झाली मला गिऱ्हाईक बनवता बनवता. मला नका बनवू." आणि ते खरोखर उठून गेले. परत आले ते मुलीला घेऊन, आणि तिला म्हणाले, "ह्या मॅडम न्हाई म्हनतात. म्हनून ह्यांच्याकडंच दाखवायचं."

मला ती शाबासकी अजून पुरते. पण 'नाही' म्हणायला मी ज्या किमतीवर शिकले ती दुसऱ्याने मोजली होती. त्याचे नाव विलास. वडवणीकडचा, डी.एड. करणारा, सतत डोळे चोळणारा मुलगा. माझे पहिलेच वर्ष होते. मोठ्या शहरातल्या एका लेझर केंद्राचे शिबिर आमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा भरे. केंद्राचे प्रतिनिधी टाय लावून येत, म्हणून आमच्याकडे त्यांना सगळे टायवाले म्हणत. विलासची चिठ्ठी नीटनेटकी होती. रेटिनोस्कोप धरला तेव्हा डाव्या डोळ्यात काहीतरी उघडले आणि मिटले. पुसट. मी पुन्हा पाहिले. पुन्हा दिसले, असे वाटले. सर ऑपरेशनला होते, रुग्णांना शहरात नेणारी गाडी दारात उभी होती, टायवाले घड्याळ पाहत होते. मी म्हणाले, "याच्या डाव्या डोळ्यात मला जरा..." ते म्हणाले, "मॅडम, सेंटरला मोठं मशीन आहे. ते बघून घेतील." मी केसपेपरवर नंबर लिहिला. दुसरे काही लिहिले नाही.

मोठ्या मशीनने पाहिले की नाही, मला माहीत नाही. लॅसिक झाली. तिसऱ्या दिवशी विलासने दवाखान्यात पेढे वाटले. दीड वर्षाने तो परत आला तेव्हा फळ्यावरचे एक अक्षर त्याला तीन दिसत होते आणि काच पुढे झुकू लागली होती. आता तो झेडपीच्या शाळेत शिक्षक होता. मी रेटिनोस्कोप खाली ठेवल्यावर त्याने विचारले, "मॅडम, हे तवा तुमाला दिसलं व्हतं का?"

"हो. पुसट दिसलं होतं."

"मंग बोलला कावून न्हाईत?"

विलास आता डोळ्यात कडक लेन्स घालतो. शाळेच्या मैदानावर धूळ उडते. तो दिवसातून दोन-तीनदा लेन्स काढून धुतो आणि परत घालतो. पोरे म्हणतात, गुरुजी डोळा धुवायला गेले.

दुसऱ्याच दिवशी मी लाल शाईचे पेन विकत आणले. तेव्हापासून प्रत्येक केसपेपरच्या तळाशी मी लाल शाईत एक ओळ लिहू लागले. रेटिनोस्कोपीत चमक नीट असेल तर 'स्वच्छ', नसेल तर 'कात्री', आणि पुढे माझी सही. सरांनी पहिल्याच दिवशी हटकले.

"केसपेपरवर सही माझी असते."

"निर्णयाखाली तुमचीच आहे, सर. ही मी काय पाहिलं त्याखाली आहे."

"उद्या कुणी कोर्टात गेलं तर?"

"तर मीही जाईन."

सरांनी केसपेपर माझ्याकडे परत सरकवला. विलासची काच त्यांनीही पाहिली होती. टायवाल्यांना मात्र ती ओळ खुपत राहिली, कारण लाल 'कात्री' असलेला कागद शहरात गेला की तिथल्या शल्यविशारदांना थांबून तो वाचावा लागे.

त्यानंतरच्या एका दसऱ्याच्या पाठोपाठच्या शिबिरात द्वारका आली. धारूरजवळच्या वस्तीवरची, वीस वर्षांची, बारावी झालेली, जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाईला जाणारी. बरोबर आई आणि थोरला भाऊ. मी तिला तक्त्यासमोर बसवून एक डोळा झाकायला सांगितले. वरचे टपोरे अक्षर वाचून ती न थांबता खाली उतरत गेली. यंत्राची चिठ्ठी मात्र उणे सव्वाचार सांगत होती. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले तक्ता पाठ करून येतात, हे मला ठाऊक होते. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आमच्याच तक्त्याच्या प्रती मिळत. कुणीतरी बाकावर बसून तो उतरवून नेला होता. मी हळूच बटण दाबले. तक्त्याच्या पेटीतला दिवा गेला. द्वारका वाचतच होती. "न... ल... प... ट... क..."

"द्वारका, लाइट बंद आहे."

ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, "असू द्या की. चालू असतानी बी मला एवढंच दिसतंय."

भाऊ फिदीफिदी हसला. आईने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे, मला कळले नाही. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेले होते, बुबुळावर पांढरा डाग. कशाने, असे विचारले तर म्हणाली, "उसाचं पान लागलं. लई वर्सं झाली."

गोष्ट उघड होती. त्यांच्याकडे ऊसतोडीला माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे जोडी, बहुधा नवरा-बायकोची. त्या वर्षी द्वारका आणि भाऊ मिळून एक कोयता धरला होता. चार दिवसांत टोळी कारखान्याकडे निघणार होती. ती गेली असती तर धावण्याचा सराव, अभ्यास, भरती, सगळे बुडाले असते. आईने मला बाजूला घेऊन सांगितले, "एक साल पोरगी मागं ठेवते, बाई. ह्याला मी दुसरा जोडीदार बघून देते. पर एकच साल. पुढल्या साली माझं बी कुनी ऐकनार न्हाई." भरती कार्यालयात मी नंतर स्वतः जाऊन विचारले, तेव्हा चष्म्याशिवाय किती दिसते एवढेच ते पाहतील, असे तिथे सांगितले. म्हणजे या मुलीला एकच हंगाम होता.

मी अंधार केला आणि रेटिनोस्कोप धरला. चमक दोन्ही डोळ्यांत पट्टीसारखी सरळ सरकली. कात्री नव्हती. मला किती हायसे वाटले, ते मी कुणाला दाखवले नाही. मग केंद्राने आणलेल्या उपकरणाने जाडी मोजली. काच निरोगी, पण पातळ. पापुद्रा वजा केला तर उरणारी काच अगदी काठावर येत होती. पृष्ठभागावरच्या पद्धतीने भरपूर उरत होती. मी लाल शाईत लिहिले, 'स्वच्छ. लॅसिक नको, पीआरके. कबड्डी खेळते.' आणि सही केली.

टायवाल्यांनी कागद वाचला आणि मोठ्याने हसले. "मॅडम, पीआरके आता कोण करतं? ती जुनी झाली." मग आईकडे वळून, "मावशी, नवीन टेक्नॉलॉजी आहे. आज केलं, उद्या दिसलं. जुन्या पद्धतीत पोरगी चार दिवस तळमळेल आणि सहा महिने अंधुक बघेल."

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. भाऊ लगेच म्हणाला, "मंग जुनं मॉडेल आमाला कावून? ट्रॅक्टर घ्यायला गेलं तं जुना कुनी घेतं का?"

सर मध्ये पडले. "जाडी काठावर आहे, पण नियमात बसते. भरती कधीही निघेल. हिला वेळ आहे का?"

"काठावर बसते म्हणूनच नको, सर. आणि हिला वेळ नाही म्हणूनच चूक परवडणार नाही."

"तुमचा स्वतःचा चष्मा आहे," टायवाले म्हणाले, "म्हणून तुम्हाला लेझरचं भय वाटतं."

"माझ्या डोळ्यात कात्री आहे, हिच्या डोळ्यात नाही. मी हिला लेझरच सांगते आहे. कुठलं, एवढाच वाद आहे."

द्वारका एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती; अर्थात तोंडे तिला दिसत नव्हती. मी तिच्या आईसमोर स्टूल ओढले. तिच्या फडक्यात ज्वारीच्या भाकरी होत्या, त्यातली एक मागितली. वरचा पापुद्रा अर्धा उचलला आणि परत दाबून बसवला. "नवीन पद्धतीत हे असं करतात. नीट बसतो, दिसायलाही लगेच लागतं. जुन्या पद्धतीत पापुद्रा उचलतच नाहीत, वरून खरवडतात. दुखतं, वेळ लागतो, पण उचललेलं काही राहत नाही."

आईने बोटाने भाकरी चाचपली. पापुद्र्याची कड तिच्या नखाला लागली. "एकदा उचलला की उचललाच," ती म्हणाली. मग फुलाचा डोळा तसाच आणि चांगला डोळा टायवाल्यांवर रोखून विचारले, "सायेब, तुमी उसाच्या फडात गेलता का कदी?"

"नाही मावशी."

"वारं सुटलं की पान कोयत्यावानी तोंडावर येतं. मला झाकण नव्हतं तरी डोळा गेला. पोरीला झाकण करून देता, आन् भरती न्हाई झाली तं तिला फडातच यायचंय. तवा पानानं ते झाकण उचललं तं बसवायला तुमी येनार का?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "खरवडा, बाई."

सर मला आत बोलावून म्हणाले, "तुझ्या शब्दावर पाठवतो. पण भरतीच्या वेळी हिला दिसलं नाही, तर शिबिराचं काम तू पाहणार नाहीस."

"मान्य."

शहरात मी तिच्याबरोबर गेले. तिथल्या टाइप केलेल्या यादीत तिच्या नावापुढे 'लॅसिक'च होते. मी काही बोलायच्या आत द्वारकाने टोपी-गाऊन घातलेल्या शल्यविशारदांना दारातच अडवले. "डॉक्टर, झाकण करनार का खरवडनार?" ते गोंधळले. मी केसपेपर पुढे केला. त्यांनी लाल ओळ वाचली, जाडी स्वतः पुन्हा मोजली, यादीवर काट मारली आणि म्हणाले, "खरवडणार."

पुढचे चार दिवस ती बीडला माझ्या खोलीवर, ओल्या फडक्याखाली पडून होती. डोळ्यांतून धारा लागलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "मॅडम, ह्यापरीस ऊस तोडलेला बरा." चौथ्या दिवशी फडके काढून ती खिडकीपाशी गेली आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांची नावे मला सांगत बसली. टोळी तोवर निघून गेली होती. धारूरला मावशीकडे ती थेंबांची बाटली, काळा गॉगल आणि माझी लांबलचक सूचनापत्रिका घेऊन गेली. चुलीपुढे बसायचे नाही, उन्हात उघड्या डोळ्यांनी जायचे नाही, डोळा चोळायचा नाही. सकाळी गॉगल लावून किल्ल्याच्या रस्त्याने धावणाऱ्या या मुलीला पोरे 'हिरोईन' म्हणून हाका मारत. तिने एकाला कबड्डीच्या पद्धतीने पाय धरून पाडल्यावर हाका कमी झाल्या.

तिसऱ्या महिन्यात भरती निघाली. त्याच आठवड्यात तपासणीत द्वारका भरतीला लागणाऱ्या ओळीच्या दोन ओळी आधी अडकली. काचेवर धुक्यासारखा पातळ थर होता. तो या पद्धतीत येऊ शकतो आणि थेंबांनी बहुधा विरतो. बहुधा. सर म्हणाले, "लॅसिक केली असती तर आज सगळं वाचलं असतं."

"आज वाचलं असतं, सर. पुढचं विलासला विचारू."

बोलले खरे, पण त्या दिवसांत मी थेंबांचे वेळापत्रक पुनःपुन्हा तपासत होते. माझे गणित बरोबर होते. बरोबर गणिताचेही उत्तर वेळेवर येतेच असे नाही, हे मला तेव्हा नीट कळले. धावणे झाले, गोळाफेक झाली, लेखी झाली. दर पंधरवड्याला द्वारका एस.टी.ने येई, एखादे अक्षर जास्त वाचून जाई. वैद्यकीय तपासणी सर्वांत शेवटी होती. त्या दिवशी दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. पलीकडे एस.टी.डी. बूथमधला गलका.

"मॅडम, तक्ता वेगळा व्हता."

माझ्या हातातले पेन थांबले. "मग?"

"मंग काय. वाचला."

मी रिसीव्हर ठेवला आणि पुढचा रुग्ण आत घेतला. शिबिराचे काम आजही माझ्याकडे आहे. टायवाले बदलले, नव्या गृहस्थांनाही लाल ओळ खुपते, आणि ती मी त्यांनाही दर शिबिराला वाचायला लावते. त्यातल्या काही 'कात्री'मुळे माणसे रागावून दुसरीकडे गेली आहेत. तिथे लॅसिक करून घेतली असेल, तर ती मला कळवायला येणार नाहीत. विलासला मी अजून तपासते. त्याच्या कागदावर ती ओळ मी दीड वर्ष उशिरा लिहिली, आणि उशिराची सही ही सहीच नव्हे, हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी कपिलधारच्या यात्रेचा बंदोबस्त होता. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारका दवाखान्यात आली, खाकीत, उजवा डोळा काळानिळा सुजलेला. दर्शनाच्या रेटारेटीत कुणाचे तरी कोपर सरळ डोळ्यावर बसले होते. "लई दनका बसला मॅडम. कबड्डीत बी असा कदी न्हाई बसला."

मी तिला सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यासमोर बसवले. पापणी उचलली. पांढरा भाग लालबुंद होता. काच मात्र कडेपासून कडेपर्यंत नितळ. सरकायला तिथे पापुद्रा नव्हताच. मी बाजूला झाले आणि सरांना जागा दिली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग उठले, टेबलावरचे लाल पेन उचलून माझ्या हातात दिले आणि दुसऱ्या खोलीत गेले.

तक्त्यासमोर द्वारका ताठ बसली. एक डोळा झाकून, सुजलेल्या डोळ्याने वाचू लागली. आवाज तोच, वेग तोच. चौथ्या ओळीच्या मध्यावर मी हळूच बटण दाबले.

ती तिथल्या तिथे थांबली.

"लाइट लावा की मॅडम," ती म्हणाली. "काय दिसंना."

मी दिवा लावला. ती उरलेली ओळ आणि खालच्या सगळ्या ओळी वाचून उठली. मी केसपेपरवर लिहिले, 'काच स्वच्छ. चष्मा नाही.' आणि खाली सही केली, माझी.